केरेकूंनी दोनदा सत्ता सोडली, ती का?

चौकस

पश्चिम आफ्रिकेतील बेनिनचे माजी राष्ट्राध्यक्ष मात्यू केरेकू यांच्या कारकिर्दीविषयी वाचताना दोन निरनिराळ्या माणसांची चरित्रे चुकून एकाच पुठ्ठ्यात बांधली गेली आहेत की काय, अशी शंका येते. पहिल्या चरित्रातले केरेकू हे विदा येथील छत्रीसैनिकांच्या तुकडीचे प्रमुख राहिलेले मेजर आहेत. 26 ऑक्टोबर 1972 रोजी ते कोतोनूमध्ये बंड करून सत्ता घेतात, 30 नोव्हेंबर 1974 रोजी आबोमेच्या गोहो चौकात मार्क्सवाद-लेनिनवाद हीच यापुढे राज्याची विचारसरणी असेल असे जाहीर करतात, आणि बरोबर एका वर्षाने दाहोमी हे देशाचे नाव पुसून बेनिन जनता प्रजासत्ताक हे नाव देतात. एकच पक्ष, एकच नेता, उद्योग आणि बँका सरकारच्या ताब्यात, विरोधक तुरुंगात, असा तो सगळा नेहमीचा प्रकार आहे.

दुसऱ्या चरित्रातले केरेकू डिसेंबर 1989 मध्ये हीच विचारसरणी सोडून देतात, फेब्रुवारी 1990 मध्ये भरलेल्या राष्ट्रीय परिषदेने आपले बहुतेक अधिकार काढून घेतले तरी रणगाडे रस्त्यावर आणत नाहीत, मार्च 1991 मध्ये निवडणूक हरतात आणि घरी जातात. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर सत्ताधारी राष्ट्राध्यक्षाने मतपेटीतून पराभूत होऊन पद सोडण्याची ही पहिली वेळ मानली जाते. पुढे 1996 मध्ये ते मते मिळवून परत येतात, 2001 मध्ये पुन्हा निवडून येतात, आणि 2006 मध्ये घटनेत बदल न करता निवृत्त होतात.

शेजारच्या टोगोमध्ये याच काळात ञासिंगबे एयादेमा होते. तेही उत्तरेकडचे, तेही लष्करातले, त्यांच्याही देशात 1991 साली राष्ट्रीय परिषद भरली. पण ते फेब्रुवारी 2005 मध्ये मरेपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत. मग केरेकू का हलले? त्यांचे खरोखरच मतपरिवर्तन झाले होते, की त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नव्हता? जाणकारांनी केवळ त्यांच्या स्वभावाचे वर्णन न करता कारणे सांगितली, तर मला अधिक उपयोग होईल.

जुनी पाने

आपण कारकिर्दीची सुरुवात 1972 पासून धरली आहे. ती बारा वर्षे मागे नेल्याखेरीज या माणसाचा उलगडा होणार नाही, असे माझे मत आहे.

दाहोमी 1 ऑगस्ट 1960 रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला, तेव्हा देशाचे राजकारण तीन पुढाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतलेले होते. उत्तर ह्युबेर मागा यांची, आग्नेयेकडचा पोर्तो-नोवोचा पट्टा सूरू मिगाँ आपिथी यांचा, आणि आबोमेच्या आसपासचा प्रदेश ज्युस्ताँ आहोमादेग्बे यांचा. कोणत्याही दोघांनी हातमिळवणी केली की तिसरा रस्त्यावर उतरे, आणि रस्त्यावरचा गोंधळ आवरायला आलेले लष्कर थेट सत्तेवर जाऊन बसे. 1963, 1965, 1967, 1969 आणि 1972 या प्रत्येक वर्षी लष्कराने सरकार बदलले. 1970 साली तर या तिघांनी अध्यक्षीय परिषद नावाची एक अजब सोय शोधून काढली, जिच्यानुसार प्रत्येकाने दोन दोन वर्षे राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते. मागांची पाळी मे 1972 मध्ये संपली, आहोमादेग्बेंची सुरू झाली, आणि ती सहा महिनेही टिकली नाही, कारण ऑक्टोबरमध्ये केरेकू आले.

केरेकूंचा जन्म 2 सप्टेंबर 1933 रोजी वायव्येकडील नातितिंगूजवळच्या कुआर्फा गावी झाला. फ्रेंच लष्करात नोकरी केल्यानंतर ते 1961 ते 1963 या काळात याच मागांचे परिसहायक अधिकारी होते. ज्यांच्या मागे अदबीने उभे राहण्याचे काम त्यांनी केले, त्या मागांना अन्य दोघांसह त्यांनी 1981 पर्यंत अटकेत ठेवले. 1967 च्या बंडातही केरेकूंचा सहभाग होता आणि त्यानंतर स्थापन झालेल्या लष्करी क्रांतिकारी मंडळाचे ते प्रमुख होते. म्हणजे 1972 मध्ये ते नवखे नव्हते. बंड करणे किती सोपे आणि बंडाने मिळालेली सत्ता टिकवणे किती अवघड, हे त्यांनी आपल्याच बराकींमध्ये पुरेसे पाहिलेले होते.

मार्क्सवादाच्या घोषणेकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. 1972 मध्ये त्यांच्या हातात स्वतःचा पक्ष नव्हता आणि भाषणातला सूर परकीय वर्चस्वाविरुद्धच्या राष्ट्रवादाचा होता. दोन वर्षांनी आलेली विचारसरणी त्यांना दोन गोष्टी देऊन गेली. एक म्हणजे शिकलेल्या तरुणांचा जहाल गट सरकारच्या बाजूला वळला, आणि दुसरे म्हणजे तीन प्रदेशांच्या तीन पुढाऱ्यांना एकदमच जुन्या जमान्याचे अवशेष ठरवण्याची सोय झाली. देशाचे नाव बदलण्यामागेही हेच गणित दिसते. दाहोमी हे आबोमेच्या जुन्या राज्याचे नाव होते, आणि त्या राज्याच्या स्वाऱ्यांची आठवण इतर प्रदेशांत फारशी गोड नव्हती. बेनिन हे नाव समुद्राच्या आखातावरून घेतलेले असल्यामुळे ते देशातल्या कोणत्याच गटाचे नव्हते.

तेव्हा आपण म्हणता ती दोन चरित्रे मला तरी एकाच माणसाची वाटतात. आपल्याला टिकवून धरील असा आधार कोठे आहे, एवढेच पाहून ते पाऊल टाकत असत. सरडा हे चिन्ह त्यांनी स्वतःहून मिरवले होते. सरड्याच्या हातात असताना फांदी मोडत नाही, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य बेनिनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. बाहेरच्यांना त्यात रंग बदलणे दिसते. त्यांच्या समर्थकांना मात्र त्यात फांदी चाचपून हळूहळू पुढे सरकणारा प्राणी दिसत असे.

हिशेबनीस

‘जुनी पाने’ यांनी राजकारणाची बाजू उत्तम मांडली आहे, परंतु 1989 च्या वळणाला विचारसरणीपेक्षा तिजोरी अधिक जबाबदार आहे, हे कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे.

बेनिनची अर्थव्यवस्था कापूस, कोतोनूचे बंदर आणि नायजेरियाच्या सीमेवरील उघड-छुपा व्यापार या तीन खांबांवर उभी होती. सत्तरच्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा वाहू लागला, तेव्हा त्याचे काही थेंब कोतोनूच्या गोदामांतही पडले आणि त्या बळावर सरकारने खर्च वाढवत नेला. कारखाने, विमा कंपन्या आणि बँका सरकारी झाल्या. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुणाला सरकारी नोकरी मिळणार, हे जवळजवळ गृहीतच धरले जात होते. मग नायजेरियाचे तेल उतरले आणि 1984 मध्ये त्या देशाने आपल्या सीमाच बंद केल्या. बेनिनला स्वतःच्या किनाऱ्यालगतच्या सेमे क्षेत्रातून थोडेफार तेल मिळू लागले होते, पण त्यावर एवढा मोठा नोकरवर्ग पोसणे शक्य नव्हते.

सर्वांत मोठा घाव बँकांचा होता. तिन्ही सरकारी बँका 1988 पर्यंत कोसळल्या. सत्तेच्या जवळच्या मंडळींना आणि केवळ कागदावर असलेल्या कंपन्यांना दिलेली कर्जे परत आली नाहीत, आणि बेनिन व्यापारी बँकेच्या लुटीत राष्ट्राध्यक्षांचे खास सल्लागार असलेले मालीचे मांत्रिक महमद सिसे यांचे नाव पुढे आले. हे गृहस्थ केवळ ताईत बांधून देणारे नव्हते. सरकारातही त्यांचे वजन होते, आणि पुढे खटला चालून त्यांना शिक्षाही झाली. अधिकृतपणे निरीश्वरवादी असलेल्या राजवटीत हे चालले होते, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही. त्याच वर्षी युरोपातला विषारी औद्योगिक कचरा पैसे घेऊन देशात उतरवण्याचा करार उघडकीस आला. पैशासाठी सरकार कोणत्या थराला आले होते, हे त्यावरून कळावे.

बँका बुडाल्याचा अर्थ केवळ ठेवीदारांचे पैसे गेले असा नव्हता. सरकारला पगार वाटण्यासाठी उसनवारी करायची जागाच उरली नाही. शिक्षकांचे, कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकले, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या थांबल्या, आणि जानेवारी 1989 पासून संपांची रांग लागली. या संपांच्या मागे भूमिगत दाहोमी कम्युनिस्ट पक्षाचा मोठा हात होता. मार्क्सवादी म्हणवणाऱ्या सरकारला कम्युनिस्टांनीच जेरीस आणावे, ही या सगळ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट मला वाटते. जून 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला, पण त्यातल्या काटकसरीच्या अटींनी आग आणखी भडकली.

फ्रान्सने थकलेल्या पगारांसाठी मदतीचा हात पुढे केला तो राजकीय बदलाच्या अपेक्षेने, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पक्ष, सभागृह आणि सरकार यांच्या संयुक्त बैठकीने मार्क्सवाद-लेनिनवाद सोडल्याचे जाहीर केले. येथे एक प्रचलित समजूत दुरुस्त करावीशी वाटते. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी ला बोल येथील भाषणात मदतीची सांगड लोकशाहीशी घातली आणि त्यामुळे आफ्रिकेत परिषदा भरू लागल्या, असे सर्रास लिहिले जाते. ते भाषण जून 1990 मधले आहे. कोतोनूची परिषद त्याआधी चार महिने होऊन गेली होती.

म्हणून मतपरिवर्तन की नाइलाज, या प्रश्नाचे माझे उत्तर नाइलाज हेच आहे. पाणी डोक्यावरून गेल्यावर केरेकूंनी हात टेकले. ज्या सरकारला सैनिकांचाही पगार वेळेवर देता येईल याची खात्री नव्हती, त्याने गोळीबाराचा हुकूम तरी कोणाच्या भरवशावर द्यायचा?

परखड

या चर्चेत केरेकूंच्या शहाणपणाचे कौतुक सुरू होण्याआधी काही गोष्टींची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते.

राजवटीचे गृहमंत्री कॅप्टन मिशेल ऐकपे हे 1972 च्या बंडातले केरेकूंचे साथीदार होते आणि तरुणांमध्ये लोकप्रिय होते. जून 1975 मध्ये त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. सरकारने जे कारण पुढे केले ते राष्ट्राध्यक्षांच्या खासगी आयुष्याशी जोडलेले होते, आणि त्यावर विश्वास न बसल्यामुळे कामगार रस्त्यावर आले. उत्तरेकडील सेगबानाचा तुरुंग राजकीय कैद्यांसाठी कुप्रसिद्ध झाला. 16 जानेवारी 1977 रोजी बॉब देनार या फ्रेंच भाडोत्री सैनिकाची टोळी पहाटे कोतोनूच्या विमानतळावर उतरली, काही तास गोळीबार करून आपली कागदपत्रे तशीच मागे टाकून पळाली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही त्या हल्ल्याचा निषेध केला. हल्ला खरा होता यात वाद नाही. पण त्यानंतर देशातला कोणताही विरोधक परकीयांचा हस्तक ठरवण्याची जी मुभा राजवटीला मिळाली, तिचा तिने पुढची दहा वर्षे पुरेपूर वापर केला.

‘चौकस’ यांनी 1991 मध्ये केरेकू घरी गेले असे लिहिले आहे. ते गेले, पण त्यांच्यावर खटला भरला जाणार नाही अशी हमी मिळाल्यावर गेले. त्यांचे प्रतिस्पर्धी निसेफोर सोग्लो यांना दुसऱ्या फेरीत सुमारे 68 टक्के आणि केरेकूंना 32 टक्के मते पडली. केरेकूंनी आपल्या राजवटीतल्या चुकांबद्दल क्षमा मागितली आणि मग त्यांना अभय मिळाले. 1999 मध्ये त्यांनी अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका चर्चमध्ये गुडघे टेकून, गुलामांच्या व्यापारात आफ्रिकी राजांनी घेतलेल्या भागाबद्दलही क्षमा मागितली. ती मागायलाच हवी होती, आणि ती मागणारे ते फार थोड्या आफ्रिकी नेत्यांपैकी एक होते. पण दोन शतकांपूर्वीच्या राजांच्या पापांबद्दल बोलणे हे सेगबानामधल्या स्वतःच्या कैद्यांबद्दल न्यायालयात उत्तर देण्यापेक्षा केव्हाही सोपे असते.

दुसऱ्या पर्वाविषयीही फार भाबडे राहण्याचे कारण नाही. 2001 च्या पहिल्या फेरीत केरेकूंना सुमारे 45 टक्के आणि सोग्लोंना 27 टक्के मते मिळाली. सोग्लोंनी गैरप्रकारांचा आरोप करून माघार घेतली, तिसऱ्या क्रमांकावरचे आद्रियाँ हुंगबेजी यांनीही तेच केले, आणि दुसऱ्या फेरीत केरेकूंच्या समोर उभे राहिले ते चौथ्या क्रमांकावरचे ब्रुनो आमूसू, जे केरेकूंच्याच मंत्रिमंडळात मंत्री होते. लोकांनी या लढतीला मैत्रीपूर्ण सामना म्हटले. केरेकूंना मते पडली 84 टक्क्यांच्या आसपास. याच निवडणुकीसाठी टायटन या अमेरिकी कंपनीने 20 लाख डॉलरहून अधिक रक्कम केरेकूंच्या प्रचारात ओतली होती, आणि तीही समाजकार्याच्या नावाखाली. त्यातल्या काही पैशातून राष्ट्राध्यक्षांचे छायाचित्र आणि मतदानाचे आवाहन छापलेले टी-शर्ट वाटले गेले. बदल्यात कंपनीला बेनिनमधल्या दूरध्वनी प्रकल्पाचे व्यवस्थापन शुल्क 5 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर हवे होते. 2005 मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि एकूण 2 कोटी 85 लाख डॉलर भरले. बेनिनमध्ये मात्र या प्रकरणाची झळ केरेकूंपर्यंत पोहोचली नाही.

चौकस

तिघांचेही आभार. ‘हिशेबनीस’ यांचे उत्तर मला 1990 पुरते पटते, परंतु 2006 विषयी ते अपुरे पडते. तेव्हा तिजोरी रिकामी नव्हती, बँका चालू होत्या, आणि ‘परखड’ सांगतात त्याप्रमाणे निवडणूक हवी तशी वळवण्याची साधनेही हाताशी होती. मग त्या वर्षी केरेकूंना कोणी अडवले?

मसुदा

त्यांना घटनेने अडवले, आणि तेही अशा एका कलमाने, जे मुळात त्यांच्यासाठी लिहिलेलेच नव्हते.

19 ते 28 फेब्रुवारी 1990 या दिवसांत कोतोनूच्या एका हॉटेलात सुमारे पाचशे प्रतिनिधी बसले होते. अध्यक्षस्थानी आर्चबिशप इसिदोर द सूझा, संयोजनाची धुरा कायद्याचे प्राध्यापक आणि तेव्हा मंत्री असलेले रोबेर दोसू यांच्याकडे, आणि समोरच्या रांगांत संघटनांचे लोक, शेतकरी, परदेशातून परतलेले विरोधक, लष्करी अधिकारी, शिवाय मागा आणि आहोमादेग्बे हे जुने नेतेही. कामकाज आकाशवाणीवरून देशभर ऐकू येत होते. परिषदेने आपण सार्वभौम आहोत, आपले निर्णय सर्वांवर बंधनकारक आहेत, असा ठराव केला तेव्हा केरेकूंनी त्याला नागरी बंड म्हटले. त्यांचा संताप खोटा नव्हता, कारण ते एका अर्थाने तेच होते. तरीही समारोपाला येऊन त्यांनी निर्णय मान्य केले, जागतिक बँकेत काम केलेले सोग्लो पंतप्रधान झाले आणि केरेकू बिनअधिकाराचे राष्ट्राध्यक्ष म्हणून वर्षभर राहिले.

घटना तयार होताना जुन्या पुढाऱ्यांच्या पुनरागमनाची भीती अनेकांच्या मनात होती. म्हणून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे वय 40 ते 70 च्या दरम्यान असावे, अशी अट घालण्यात आली. ती इतकी वादग्रस्त होती की 2 डिसेंबर 1990 च्या सार्वमतात संपूर्ण मसुदा मान्य आहे, वयाची अट वगळून मान्य आहे, की अमान्य आहे, असे तीन पर्याय मतदारांपुढे ठेवावे लागले. बहुमत अटीसह मसुद्याच्या बाजूने पडले. पाच पाच वर्षांचे दोनच कार्यकाळ, ही मर्यादाही त्याच घटनेत आहे. त्या वेळी केरेकू 57 वर्षांचे होते आणि वयाच्या अटीची त्यांना झळ लागत नव्हती. 2006 मध्ये ते 72 वर्षांचे झाले आणि त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी सोग्लो 71 वर्षांचे. जुन्यांना दूर ठेवण्यासाठी घातलेले कुंपण पंधरा वर्षांनी या दोघांनाही एकाच फटक्यात बाहेर ठेवून गेले.

अर्थात कागदावरची घटना कोणालाही अडवत नाही, हे मान्य. पण बेनिनच्या घटना न्यायालयाने केरेकूंना आधीच एकदा चुणूक दाखवली होती. 1996 मध्ये सोग्लोंवर लोक नाराज होते. जानेवारी 1994 मध्ये सीएफए फ्रँक या बेनिनच्या चलनाचे अवमूल्यन होऊन एका फ्रेंच फ्रँकला 50 ऐवजी 100 सीएफए मोजावे लागू लागले होते, आणि कारभारात कुटुंबाची ढवळाढवळ फार, असा आरोप होत होता. पाच वर्षे जवळपास मौन पाळलेले केरेकू हुंगबेजींच्या पाठिंब्याने दुसऱ्या फेरीत 52 टक्क्यांहून किंचित अधिक मते घेऊन जिंकले. एप्रिलमध्ये शपथविधी झाला. घटनेत शपथेचे शब्द ठरवून दिलेले आहेत, आणि त्यात देवासोबत पूर्वजांच्या आत्म्यांनाही साक्षीला बोलावलेले आहे. केरेकू तोपर्यंत कट्टर ख्रिस्ती पंथाकडे वळले होते, त्यामुळे त्यांनी पूर्वजांचा उल्लेख गाळून शपथ घेतली. न्यायालयाने ती शपथ अवैध ठरवली. नुकत्याच निवडून आलेल्या, एकेकाळी सतरा वर्षे निरंकुश सत्ता गाजवलेल्या माणसाला परत उभे राहून, एकही शब्द न वगळता, पुन्हा शपथ घ्यावी लागली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली. बेनिनच्या लोकशाहीविषयी एकच प्रसंग सांगायचा झाला, तर मी निवडणुकांचे आकडे बाजूला ठेवून हा प्रसंग सांगेन.

2005 मध्ये त्यांच्या भोवतीच्या मंडळींनी घटनादुरुस्तीचा सूर लावून पाहिला. त्यावर बिशप, कामगार संघटना आणि तरुणांचे गट उठले, आणि ‘माझ्या घटनेला हात लावू नका’ ही घोषणा सर्वत्र दिसू लागली. दुरुस्तीसाठी सभागृहात लागणारे प्रचंड बहुमत जमवणेही सोपे नव्हते. जुलैमध्ये केरेकूंनी आपण घटना बदलणार नाही असे जाहीर केले. तुम्ही सत्ता सोडली नाही तर सत्ता तुम्हाला सोडते, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार तेव्हाचेच आहेत. एप्रिल 2006 मध्ये त्यांनी कारभार बोनी यायी यांच्याकडे सोपवला, जे त्यांच्या पक्षाचे नव्हते आणि त्यांनी पुढे केलेले वारसही नव्हते.

त्याच वर्षी सभागृहातील सदस्यांनी स्वतःचाच कार्यकाळ चार वर्षांवरून पाच करून घेतला, तेव्हा न्यायालयाने 1990 च्या राष्ट्रीय सहमतीचा आधार घेऊन ती दुरुस्तीही रद्द केली. पुढील काळात ही चौकट बरीच सैल झाली, आणि 2019 ची संसदीय निवडणूक तर विरोधी पक्षांविनाच पार पडली, पण तो निराळ्या धाग्याचा विषय आहे.

जुनी पाने

‘मसुदा’ यांचे विवेचन मला मान्य आहे, पण एयादेमांशी केलेल्या तुलनेला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

टोगोचे लष्कर एयादेमांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या काबिये समाजातून भरले होते, आणि वरच्या जागा नातेवाइकांना व गाववाल्यांना दिल्या होत्या. त्यामुळे टोगोची राजधानी लोमे येथील परिषदेने पंतप्रधान नेमलेल्या कोफिगोह यांच्या निवासस्थानावर डिसेंबर 1991 मध्ये सैनिकांनी हल्ला चढवला आणि परिषदेने दिलेले सगळे परत हिसकावून घेतले. 2002 मध्ये तेथे कार्यकाळांची मर्यादा काढून टाकण्यात आली, आणि एयादेमांच्या मृत्यूनंतर लष्करानेच त्यांच्या मुलाला गादीवर बसवले. बेनिनचे लष्कर असे एकजिनसी कधीच नव्हते. उत्तर आणि दक्षिण, जुने आणि नवे, विदाची तुकडी आणि कोतोनूची तुकडी, असे त्याचे तुकडे साठच्या दशकातल्या बंडांनीच पाडले होते. राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षक दलात उत्तरेकडचे सैनिक अधिक होते हे खरे, पण त्या एका दलाच्या जोरावर देश दाबून ठेवता आला नसता, आणि हे केरेकूंइतके कोणाला ठाऊक असणार?

एक प्रसंग मात्र या स्पष्टीकरणातही नीट बसत नाही. ऑगस्ट 1992 मध्ये, सोग्लो सत्तेवर असताना, कॅप्टन पास्काल तावेस यांच्या नेतृत्वाखाली याच जुन्या संरक्षक दलातील सैनिकांनी नातितिंगूच्या काबा छावणीचा ताबा घेतला. म्हणजे केरेकूंच्या स्वतःच्या मुलखात, त्यांच्याच जुन्या माणसांनी. 1991 च्या निवडणुकीत उत्तरेने भरभरून मते केरेकूंना दिली होती आणि पराभवाने तिकडे संतापाची लाट होती. बंड फसले. केरेकूंनी त्याला जाहीरपणे एका शब्दाचाही आधार दिला नाही. ते कोतोनूतच राहिले आणि चार वर्षांनी मतपत्रिकेवर परतले. बंडाच्या वेळी त्यांच्या डोक्यावर कोणाचे पगार थकलेले नव्हते आणि वयाची अटही आड येत नव्हती. 1990 चा नाइलाज ‘हिशेबनीस’ यांनी चोख मांडला आहे. 1992 मध्ये हा माणूस गप्प का बसला, याचा हिशेब ते कसा लावतात, हे वाचायला मला आवडेल.